न काढलेली खरडपट्टी

माझी आई अंगानं एवढीशी होती, पण तिचा आवाज ओढ्यापलीकडं औत हाकणाऱ्या माणसाला ऐकू जायचा, आणि तो माणूस बैल थांबवून आधी आपलं काही चुकलंय का ते आठवून बघायचा. वाडीत तिला सगळे पारूवहिनी म्हणत, वयानं मोठी माणसंसुद्धा. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणी म्हातारीला उपाशी ठेवलं, कुणी दुसऱ्याच्या म्हशीला काठीनं मारलं, की पारूवहिनी पदर कमरेला खोचून त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. दिवसाउजेडी, चार माणसं ऐकतील अशा वेळी. घरात शिरायची नाही, अंगणातूनच सुरुवात करायची. शिवी कधी द्यायची नाही, आईबापांचा उद्धार तर नाहीच नाही. ज्यानं जे केलं तेवढंच बोलायची, पण ते असं उलगडून बोलायची की समोरच्याला आपण काय करून बसलो ते पहिल्यांदाच दिसायचं. पातेल्याच्या बुडाला धरलेली भाताची खरवड उलथन्यानं काढावी तशी ती माणसाला तळापासून खरडायची. "पारूवहिनीनं काल खरडला त्याला," असं कुणी सांगितलं, की ऐकणारा हसून विचारायचा, "समदा, का वरवरचा?"

या खरडपट्टीला एक नियम होता. तो कुणी कधी बोलून दाखवला नव्हता, पण पाळायचे सगळे. एकदा आईनं खरडलं की ती गोष्ट मिटली. मग ती कुणी उकरायची नाही, पौडला जाऊन फिर्याद द्यायची नाही, लग्नाकार्यात टोमणा मारायचा नाही. त्यामुळं काही माणसं तर आपण होऊन यायची. आमच्या शेजारच्या आळीचे बबनकाका पिऊन आले की बायकोची भांडी अंगणात भिरकवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या ओट्यावर टोपी गुडघ्यावर ठेवून हजर. "वहिनी, काय बोलायचं ती बोला. पर जरा आवरतं घ्या, रानात जायचंय." आई चुलीपुढून उठायची, हात पुसायची आणि सुरू व्हायची. "आवरतं घेऊ? तू हात आवरला व्हता का काल? पितळंची पातेली हायेत ती, तिच्या बापानं दोन वर्सं कोळसा पाडून घेतल्याली. तू एक तरी आनलंस का घरात? न्हाई ना? मंग जे आनलं न्हाई ती फेकायचा तुला काय अधिकार?" असं पाऊण तास. बबनकाका मान खाली घालून ऐकायचे, मधेच "व्हय, खरं हाय" म्हणायचे, आणि शेवटी आईनं दिलेला गुळाचा चहा पिऊन हलक्या अंगानं रानात जायचे. एकदा त्यांच्या मेव्हण्यानं पूजेच्या दिवशी चार माणसांत ती भांडी काढली, तर आईनं मेव्हण्यालाच धरलं. "म्या खरडलं ना त्याला? झालं ना त्याचं? मंग तू कोन लागून गेलास पुन्यांदा उकरनारा?"

हे आज लिहिताना मला हसू येतंय. त्या वयात हसू येत नव्हतं, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमची शाळा खालच्या मोठ्या गावात, तिथल्या मुली मला बघितलं की कानांवर हात ठेवायच्या. "पारूची पोर आली, आता आय बी येईल." एक मुलगी तर पदर खोचून, हात नाचवून आईची हुबेहूब नक्कल करायची, आणि सगळ्यांबरोबर मीही हसायची, कारण न हसणं जास्त अवघड होतं. पौडच्या बाजाराला आईबरोबर जायची वेळ आली की मी दहा पावलं पुढं चालायची. आमच्या गुरुजींच्या पत्नी पुण्याच्या होत्या. त्या इतक्या हळू बोलायच्या की पोरं त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, मोठेपणी आपण असंच बोलायचं. पुढं मी शिक्षिका झाले आणि तशी बोलूही लागले. इतकी वर्षं मराठी शिकवलं, वाक्प्रचारांच्या तासाला फळ्यावर दरवर्षी स्वच्छ अक्षरात लिहायची, "खरडपट्टी काढणे – खूप रागावणे." मुलं ते उतरवून घ्यायची. ते चुकीचं आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

आता आम्ही महाळुंग्याला अकराव्या मजल्यावर राहतो. माझी सून हिंजवडीला नोकरी करते, हुशार आहे, गोड बोलते. मधे एकदा तिचा चेहरा उतरलेला बघून मी विचारलं, तर म्हणाली, "आई, आज फीडबॅक मिळाला." वरिष्ठांनी फोनवर, अगदी शांत आवाजात, हसत हसत चार गोष्टी सांगितल्या होत्या. पुढं महिनाभर ती पोर धड जेवत नव्हती, आणि वर्षाच्या शेवटी त्याच चार गोष्टी पुन्हा काढल्या गेल्या. तिथं आवाज कुणी चढवत नाही आणि मिटवतही कुणी काही नाही, असं मला आपलं वाटलं. मी तिला काही बोलले नाही. बोलायचा अधिकार मी गमावलेला आहे, तो कसा ते सांगायलाच हे प्रकरण लिहायला घेतलंय.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, आईच्या बरोबर उलट. बोलणं कमी, चालणं सावकाश. घरात त्यांचा आवाज यायचा तो बैलांशी बोलताना. हौश्या आणि बाल्या अशी जोडी होती, दोन्ही खोंडं त्यांनी स्वतः वाढवलेली. पावसाळ्यात घरात आम्ही नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी खायचो, खाचरात खेकडी सापडली तर त्यांचा लालभडक रस्सा व्हायचा, आणि बैलांना मात्र दादा सरकीची पेंड भिजवून स्वतःच्या हातानं भरवायचे. आई म्हणायची, "पुढच्या जल्मी मला ह्यांच्या गोठ्यात घाल रं देवा." दादांना एवढं खरडणं रोजचं होतं. ते हसून "झालं?" म्हणायचे आणि जेवायला बसायचे. रात्री पावसाचा आवाज, बेडकांचा आवाज, गोठ्यातून घुंगरांचा आवाज, आणि त्या सगळ्यांवर आईचं काहीतरी पुटपुटणं. त्यात मला गाढ झोप लागायची. दादांचा एकच दोष होता. कुणी त्यांच्या जोडीची स्तुती केली की त्यांचं पाणी पाणी व्हायचं. दुसरं काहीही मागितलं तर विचार करून देणारा हा माणूस बैलांबद्दल दोन चांगले शब्द ऐकले की भान विसरायचा.

शेजारी अनसामावशी राहायची. ती आणि आई एकाच माहेरच्या, कासारसाईच्या, म्हणून ती माझी मावशी आणि दादा तिचे दाजी. नवरा तापानं गेला तेव्हा तिची दोन्ही पोरं मांडीवरची होती. ओढ्याच्या कडेला तिची तीन खाचरं, वर्षाचं भात त्यातनंच यायचं. तिच्यासारखी गरीब बाई मी दुसरी बघितली नाही. कुणी पायावर पाय दिला तर "लागलं का तुमास्नी?" असं विचारणारी. आईची बडबड ती कौतुकानं ऐकत बसायची आणि म्हणायची, "पारू, देवानं आपल्या दोघींचं तोंड तुझ्या एकटीलाच दिलंय बघ." आमची चार घरांची सावड होती. सावड म्हणजे एकमेकांच्या रानात पाळीपाळीनं राबायचं. मजुरी नाही, फक्त शब्द. आवणीच्या दिवसांत ज्याची पाळी त्याच्या खाचरात चारी घरांच्या बायका रोपं लावायला, आणि ज्यांच्याकडं जोडी ते चिखलणीला. त्या वर्षी सावडीतल्या दुसऱ्या जोडीला खुरकुताचा रोग झालेला, म्हणून चारी घरांची मदार हौश्या-बाल्यावर होती. तीन घरांची आवणी झाली. शेवटची पाळी अनसामावशीची.

ज्यांनी भात लावलेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. रोपं एका जागी दाट वाढवतात, आणि लावायच्या आदल्या दिवशी ती उपटून, मुठीमुठीच्या जुड्या बांधून पाण्यात ठेवतात. तोवर खाचरात औत फिरवून लोण्यासारखा चिखल करायचा, आणि त्यात ती रोवायची. उपटलेलं रोप परत मागे जात नाही. दोन दिवस, फार तर तीन दिवस दम धरतं, मग पिवळं पडतं. म्हणून चिखलणीचा शब्द पक्का असल्याशिवाय कुणी रोपाला हात लावत नाही. अनसामावशीनं आदल्या सकाळी दादांना विचारलं, "दाजी, उद्याचं नक्की ना? उपटू का?" दादा म्हणाले, "उपट, उपट. कोंबडं आरवायला तुझ्या बांधावर हाय मी." आम्ही बायकापोरींनी दिवसभर वाकून तिची सगळी रोपं उपटली. इरल्याखाली पाठ भिजायची नाही, पण गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात पांढरे पडायचे.

त्याच संध्याकाळी चांद्याच्या वाटेवरच्या मोठ्या रानाचे मालक आमच्याकडं आले. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत. त्यांनी गोठ्यात जाऊन हौश्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "अशी जोडी आख्ख्या मावळात न्हाई. उद्या आमच्याकडं चिखलणीची पैज लावलीय, सात जोड्या येनार हायेत. पर तुमची न्हाई म्हंजी पैजंला काय शोभा?" दादा लाजले. म्हणाले, उद्या शब्द दिलाय. अण्णासाहेब म्हणाले, न्याहारीपर्यंत मोकळं करतो. आई त्या वेळी ओढ्यावर होती. दादांनी मला सांगितलं, "आयला म्हनावं, उद्या न्याहारीच्या आत येतुया," आणि आई परतायच्या आत घुंगरांच्या माळा घालून, मुक्कामालाच जोडी घेऊन गेले. मी आईला निरोप दिला. आईनं फक्त "बरं" म्हटलं, पण तिचं तोंड मला आवडलं नाही.

न्याहारी झाली. सात-आठ बायका अनसामावशीच्या बांधावर जुड्या घेऊन उभ्या. पाऊस भुरभुरत होता. सगळ्या वाटेकडं बघत होत्या, आणि माझ्याकडं बघायचं टाळत होत्या. दुपारी आईनं मला पिटाळलं. मी धावत चांद्याच्या वाटेला लागले. तिथं जत्राच भरलेली. बांधावर माणसं शिट्ट्या मारत होती, आणि चिखलात सगळ्यांच्या पुढं माझे दादा. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, मिसरूड फुटलेल्या पोरासारखा. मी हाका मारल्या. औत कडेला आल्यावर म्हणाले, "एवढं झालं की आलोच. तू हो म्होरं." मी म्हटलं, "दादा, मावशीची रोपं उपटल्यात." ते म्हणाले, "मला म्हाईत न्हाई व्हय?" आणि औत वळवलं. अण्णासाहेबांनी मला जवळ बोलावून कागदात गरम भजी दिली. मी ती बांधावर बसून खाल्ली. सगळी खाल्ली. लाज लाज म्हणतात ती मला त्या दिवशी पहिल्यांदा तोंडात तेलकट लागली.

दादा त्या दिवशी आले नाहीत. पैज जिंकल्यावर अण्णासाहेबांनी आग्रह केला, रात्री मटण झालं, दुसऱ्या दिवशी उरलेलं रान, तिसऱ्या दिवशी त्यांच्या भावाचं रान. नाही म्हणणं त्यांच्या जिभेवर यायचं आणि मागं फिरायचं, असं त्यांनीच पुढं सांगितलं. आईनं पुन्हा बोलावणं धाडलं नाही. तिनं पदर खोचला आणि अनसामावशीच्या खाचरात उतरली. फावड्यांनी आणि पायांनी आम्ही चिखल करायला लागलो. आई, मावशी, मी, बाकीच्या बायका, एकमेकींचे खांदे धरून गोल गोल तुडवत होतो. मांड्या भरून आल्या, एका बाईच्या टाचेत खेकड्यानं नांगी घातली. दोन दिवसांत लहानातलं लहान एक खाचर कसंबसं लागलं. बाकीच्या जुड्या पाण्यात पिवळ्या पडल्या, मग त्यांना वास यायला लागला. अनसामावशी त्या उलट्यापालट्या करून बघायची, आजारी पोराचं अंग बघावं तशी. ती रडली नाही. "असू दे पारू," एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दादा आले. डोक्याला गुलाबी फेटा, हातात नारळ, बैलांच्या शिंगांना रंग. वाटेत त्यांना कुणीतरी सांगितलं असणार, कारण दारात येईपर्यंत फेटा काखेत गेला होता. बातमी कळल्यासारखी माणसं आमच्या अंगणात जमली. कुणी विस्तव मागायला आलं, कुणी उगीच. बबनकाका तर ओट्यावर ऐसपैस बसले. आज त्यांना दुसऱ्याची खरडपट्टी बसून ऐकायला मिळणार होती. दादा अंगणाच्या मधोमध मान खाली घालून उभे राहिले. आईनं बाहेर येऊन त्यांच्या पायांवर पाणी ओतलं, टॉवेल दिला, आणि आत जाऊन ताट वाढलं. एक शब्द बोलली नाही. जमलेली माणसं जरा वेळ थांबली आणि एकेक करून उठली. जाताना बबनकाका दादांकडं असे बघत गेले, की मी दारामागं जाऊन बसले.

त्यानंतर आमच्या घरात आवाज राहिला नाही. आई दादांना जेवायला वाढायची, कपडे धुवायची, विचारलं तर व्हय-न्हाई म्हणायची. बाहेर वाडीला पहिल्यासारखंच ओरडायची. फक्त त्यांना नाही. दादांनी दुसऱ्याच दिवशी मावशीची उरलेली दोन्ही खाचरं चिखलून दिली. मग डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव हिंडले, कुणाची उरलीसुरली रोपं मिळतील का विचारत. मिळाली ती जून झालेली, कुठली कुठली, ती त्यांनी स्वतः वाकून लावली. पुरुष रोपं लावतोय म्हणून वाटेवरची पोरं हसायची. ते भात पोटरीला आलं आणि तसंच राहिलं, दाणा भरलाच नाही. दादांचं जेवण अर्ध्यावर आलं. एका दुपारी मी माजघरात झोपल्याचं सोंग करून पडले होते, तेव्हा ते आईपुढं बसून म्हणाले, "बोल की गं. काय बी बोल. समद्या वाडीला बोलतीस, मी काय तुझा कुनी न्हाई?"

आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "बोलले म्हंजी मिटलं म्हनतील. तुमी बी म्हनाल. अनसाचं मिटलंय व्हय? तिच्या कणगीत भात येऊ द्या, मंग बोलते."

कणगीत भात आलं नाही. आईनं आमच्यातली पोती नेली तर अनसामावशीनं घेतली, पण पाहुण्यानं आणलेली वस्तू घ्यावी तशी, "कशाला गं" म्हणत, आणि पुढच्या वर्षीच्या आवणीला सावडीत आली नाही. तिला आता कुणाच्या शब्दावर रोप उपटायचा धीर राहिला नव्हता. खाचरं दुसऱ्याला वाट्यानं लावून ती पोरं घेऊन कासारसाईला भावाकडं गेली. जाताना आईच्या गळ्यात पडली, दादांच्या पाया पडली. दादा पाय मागं घेत भिंतीला टेकले. त्या वर्षी दिवाळीला मामा न्यायला आला तेव्हा आई म्हणाली, "म्हशीचं बघाया कोन न्हाई." पुढच्या वर्षीही म्हणाली. मग मामा यायचा थांबला. कासारसाई आमच्यापासून कितीशी लांब. पण अनसा जिथं भावाच्या दारात राबते त्या गावात कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून आईनं माहेर सोडलं. आपल्या एका पैजेनं बायकोचं माहेर गेलं हे दादांना कळत होतं. ते अधूनमधून तिच्यापुढं जाऊन उभे राहायचे, नुसते, आणि ती विचारायची, "पानी पाहिजे का?" मला मात्र त्या वेळी, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटत होतं. आमचं घर आता गुरुजींच्या घरासारखं झालं होतं, हळू बोलणारं.

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं. बैल गेले, गोठ्यात मोटारसायकल आली, ओढ्याकडच्या खाचरांना पत्र्याची कुंपणं लागली. दादा ऐंशीच्या पुढं जाऊन झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. एका बाजूला वाडीतली जुनी माणसं, दुसऱ्या बाजूला आमची मंडळी, माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, सहकारी, मुलाचे ऑफिसमधले मित्र, मोबाइल खिशात घालून अवघडून उभे. आई उशाशी बसलेली. रडत नव्हती. बायका म्हणत होत्या, तिला रडवा, नाहीतर धसका घेईल. तेवढ्यात तिनं डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला.

"उठा," ती म्हणाली. "झोपून काय ऐकताय, उठून ऐका. तिनं तुमाला इचारलं व्हतं ना, उपटू का म्हनून? उपट म्हनालात ना? रांडमुंड बाई, दोन पोरांची आय, तुमच्या सबुदावर तिनं वर्साचं अन्न मुळासकट उपटून पान्यात घातलं, आन् तुमी फेटा बांधून घेत व्हता? कुनी बैलाला चांगलं म्हनलं म्हनून? बैलाला बी कळतं कुठं थांबायचं ती. तुमाला न्हाई म्हनता येत न्हवतं, मंग मला सांगायचं, मी म्हनले असते..." तो तिचा जुना आवाज होता. इतक्या वर्षांत मी तो घरात ऐकलाच नव्हता. म्हातारपणात चिरकला होता, पण ओढ्यापलीकडं जाईल असा. वाडीतली म्हातारी माणसं ताठ झाली. बबनकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हात जोडले. "बोला वहिनी," ते पुटपुटत होते, "बोला."

मी मुख्याध्यापिकांकडं बघितलं. त्यांनी नजर खाली केली होती. मुलाचा एक मित्र दुसऱ्याच्या कानात काहीतरी विचारत होता. मढ्यापुढं शिव्या घालणारी बाई, ही हिची आई, असंच त्यांना वाटत असणार. माझं तोंड पेटलं. मी पुढं झाले, "आई, गप. लोक आहेत," म्हटलं, आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या तळहाताखाली तिचे ओठ हलत होते. थोडा वेळ हलले. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ते थांबले. तिनं कमरेचा पदर सोडला आणि डोक्यावर घेतला. दादांना तसंच उचललं.

माणसं पांगल्यावर बबनकाका काठी टेकत माझ्याजवळ आले. "पोरी, अर्ध्यात थांबवलंस की गं तिला," ते म्हणाले. "जल्मभर वाट बघितली त्यानं. आज सुटला असता." तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की आई त्यांना माफ करत होती. तिला दुसरी कुठली तऱ्हा येत नव्हती, आणि दुसरी चांगली तऱ्हा मला अजूनही माहीत नाही.

त्यानंतर आई पाच-सहा वर्षं माझ्याकडं होती. एका सकाळी सगळी कामावर गेल्यावर मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. तुला काय बोलायचं ते मला बोल. पाहिजे तेवढं बोल." तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुला काय बोलायचं, बाळ." ते तिनं इतक्या हळू म्हटलं, की मला पुन्हा विचारावं लागलं.